प्रवाशाची ठेव

पूर्वीं परगांवीं जाणारा मनुष्य आपली चीजवस्तु विश्वासू शेजाऱ्याच्या हवालीं करी. हल्लीं आपण प्रवासाच्या संकेतस्थळांस नांव, पत्ता, जाण्यायेण्याच्या तारखा व कार्डाचा क्रमांक देतों. तीही ठेवच होय.

डिसेंबर २०१८ मध्यें भामट्यांनीं संयुक्त अरब अमिरातींतील ४० हॉटेलांच्या नोकरांस फोनवर फसवून ‘बुकिंग डॉट कॉम’च्या ४,१०९ ग्राहकांची माहिती लांबविली, २८३ जणांच्या कार्डांचा तपशीलही त्यांच्या हातीं गेला. कंपनीस हें १३ जानेवारी २०१९ रोजीं कळलें. ७२ तासांत सरकारी नियामकास वर्दी द्यावी असा युरोपांतील कायदा असतां तिनें ती ७ फेब्रुवारीस दिली. नेदर्लंड्सच्या नियामकानें तिला केलेला ४,७५,००० युरोंचा दंड २०२१ सालीं जाहीर झाला.

हा दंड चोरीबद्दल नव्हे, विलंबाबद्दल होता. आणि आमच्या मतें तो यथायोग्यच होय. चोरी कोणाच्याही घरीं होईल; परंतु ठेवीचा धनी जितका काळ अंधारांत राहील, तितका चोरास अवसर मिळेल.

आपल्या देशाच्या २०२३ च्या कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांच्या संमतीची अट घातली आहे. ती संमति विचारपूर्वक दिली तरच तिला अर्थ. विद्यार्थ्यांनो, वडील माणसांस विचारल्यावांचून असे रकाने भरूं नका. आणि पालकहो, प्रवासास जिची गरज नाहीं ती माहिती मागणाऱ्यास नकार देण्यास संकोचूं नका.