किटली आणि सबुरी

चहासाठी मराठी माणसाने थोडे का सोसले आहे! 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्या मंडळींवर ग्रामण्य आले आणि प्रायश्चित्ताचा वाद थेट शंकराचार्यांपर्यंत गेला. आज त्याच पुण्यात चहाच्या दुकानाला ‘अमृततुल्य’ म्हणतात. इतके होऊनही चहाच्या अख्ख्या पानाची चव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नाही.

आपला रोजचा चहा दाणेदार. पान चिरडून दाणे करण्याचे यंत्र आसामात 1930 च्या सुमारास आले. हा चहा झटकन रंग सोडतो. दूध, साखर, आले सारे पेलतो. त्याला उकळी हवीच. अख्ख्या पानाचा स्वभाव निराळा. दार्जिलिंगच्या मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या खुडणीला फुलांचा मंद वास, मे-जूनच्या खुडणीला पिकल्या द्राक्षांचा. आसामचे पान दाट, मोड आणून भाजलेल्या धान्याची आठवण देणारे. निलगिरीचे हलके आणि सुवासिक.

आमच्या सुकापुरात सकाळी घरटी एकजण तरी पनवेलची लोकल गाठायला धावतो. गेल्या दिवाळीत शेजारी जावयाने दार्जिलिंगचा डबा आणला. वहिनींनी मोठ्या प्रेमाने दूध-आले घालून तो खळखळून उकळला. “अगदीच पाणचट!” असा निकाल लागला. डबा फळीवर गेला, जावईबापू गप्प झाले. दोष ना वहिनींचा, ना चहाचा. सुगंध वाफेबरोबर उडाला. मागे राहिला तो तुरटपणा, आणि थोडाफार उरलेला स्वाद दुधाने झाकला.

कृती सोपी आहे. किटली गरम पाण्याने विसळावी. माणशी एक चमचा पाने घालून वर नुकते उकळलेले पाणी ओतावे. पहिल्या खुडणीसाठी ते मिनिटभर निवू द्यावे. झाकण ठेवून तीन-चार मिनिटे थांबावे आणि सगळा चहा एकदम गाळून घ्यावा. पाने पाण्यात राहिली की कडवटपणा उतरतो. पहिला घोट दुधा-साखरेविना घ्यावा. आसामला मग थोडे दूध खुशाल चालेल.

आल्याचा चहा सोडा, असे कोण म्हणतो? धावपळीला तोच खरा. पण मळ्यावर कुणा बाईने दोन पाने अन् एक कळी अशी बोटांनी खुडलेली ती मेहनत फळीवर वाळत ठेवू नये. या दिवाळीत डबा खाली काढावा. पाने मुरेपर्यंतच्या चार मिनिटांत सासरे-जावई दोन शब्द बोलले, तर फराळाला तेवढीच अधिक गोडी!