गाडी जुनी झाली? पार्ट बदलण्याआधी मेकॅनिक पारखा!

वर्तकनगर, पोखरण रोड भागात गॅरेजची कमी नाही. अवघड असतं ते भरवशाचा मेकॅनिक मिळणं. कार १५ वर्षांची झाली की फिटनेस तपासून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. तेही ५ वर्षांपुरतंच. त्यामुळे जुन्या गाडीला चुकीचा मेकॅनिक परवडत नाही. मग तो ओळखायचा कसा?

निदान आधी, खर्च नंतर: एसी थंड होत नाही म्हणताच कॉम्प्रेसर बदलायला सांगणाऱ्यापासून सावध राहा. चांगला मेकॅनिक आधी गॅस गळतोय का, फ्यूज गेलाय का, हे बघतो.

पहिलं काम छोटं द्या: उदाहरणार्थ, ब्रेक ऑइल बदलणं. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उकळबिंदू घटतो. म्हणून गाडी कमी चालली तरी साधारण दर दोन वर्षांनी ते बदलतात. हे कारण तुम्हाला समजावून सांगतो का, ते पाहा.

जुना पार्ट मागा: तो दाखवायला टाळाटाळ झाली, तर पुढचं काम देऊ नका.

पक्कं बिल घ्या: जीएसटी वाचवायला आपणच ‘बिल नको’ म्हणतो. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना हातात पुरावाच नसतो.

‘हे अजून वर्षभर चालेल, आत्ता बदलू नका’ असं सांगणाऱ्याची मजुरी थोडी जास्त असली, तरी शेवटी तोच स्वस्त पडतो.