म्हणून दाखविलेली कविता

पंत अमात्यांच्या या जुन्या बावडा जहागिरीत, जेथे ‘आज्ञापत्र’कर्त्या रामचंद्रपंतांचे नाव अद्याप आदराने घेतले जाते, तेथे लिखित शब्दाचे माहात्म्य निराळे सांगावयास नको; तथापि करूळ व भुईबावडा हे दोन्ही घाट धुक्यात बुडाले, की मोठ्याने म्हटलेली कविताच अधिक जवळची वाटते, आणि म्हणून या पावसाळी अंकाच्या आरंभी रविकिरण मंडळाचे स्मरण करीत आहोत. १९२३ मध्ये पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. व मनोरमाबाई रानडे प्रभृती मित्र एकत्र आले, परस्परांस कविता ऐकवू लागले, आणि पुढे यशवंत-गिरीशांनी काव्यगायनाचे जाहीर कार्यक्रम करून, छापील पानांत अडकलेली कविता पुस्तक कधी विकत न घेणाऱ्या श्रोत्यांच्याही हवाली केली. गळ्याच्या गोडव्यावर दुबळी कविताही तरून जाते, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हे. तरीही आमचा कौल गाणाऱ्यांच्याच बाजूस आहे. माधव जूलियन पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फारसी शिकवीत, ही गोष्ट आम्हां करवीरकरांच्या विशेष जिव्हाळ्याची. या अंकातील कविता वाचकांनी घरच्या चारजणांत मोठ्याने म्हणाव्यात, एवढीच विनंती.