मुलाला विचारलेला प्रश्न

१५६३ साली १९ जानेवारीला जर्मनीतल्या पॅलॅटिनेट राज्याचा अधिपती तिसरा फ्रेडरिक याने एका लहानशा पुस्तकाला प्रस्तावना जोडली. हायडेलबर्ग शहरात तयार झालेली, ख्रिस्ती श्रद्धा शिकवणारी ही प्रश्नोत्तरी पुढे प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या रिफॉर्म्ड शाखेत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. तिच्या रचनेत मोठा वाटा होता झकारियास उर्सिनुस या अठ्ठावीस वर्षांच्या शिक्षकाचा.

उर्सिनुसचा जन्म १५३४ साली ब्रेस्लाऊला झाला. विटेनबर्गला धर्मसुधारक मेलान्क्थॉनच्या हाताखाली शिकून तो आपल्या गावच्या शाळेत शिकवू लागला. प्रभुभोजन या ख्रिस्ती विधीच्या अर्थावरून तेव्हा सुधारकांमध्येच कडाक्याचे वाद पेटले होते आणि त्याची झळ या संकोची माणसालाही लागली. १५६० मध्ये त्याने ब्रेस्लाऊ सोडले, झुरिक गाठले आणि पुढच्याच वर्षी तो हायडेलबर्गला शिकवू लागला. एका गावचा पाळक एक सांगतो, शेजारच्या गावचा दुसरेच, आणि मुलांच्या पदरी काहीच पडत नाही, ही फ्रेडरिकची चिंता होती. त्यासाठी उर्सिनुसने लॅटिनमध्ये दोन मसुदे केले, एक ३२३ प्रश्नांचा आणि एक १०८ प्रश्नांचा. प्राध्यापक आणि मंडळ्यांचे प्रमुख यांच्या विचारविनिमयातून मग जर्मन पुस्तक सिद्ध झाले. त्याच वर्षीच्या पुढच्या आवृत्त्यांत प्रश्नांची संख्या १२९ झाली आणि ते ५२ रविवारांत वाटले गेले.

या प्रश्नोत्तरीचे तीन भाग आहेत: माणसाचे दुःख, त्यातून सुटका आणि सुटकेबद्दलची कृतज्ञता. दहा आज्ञांचे विवेचन तिसऱ्या भागात येते. त्यामुळे आज्ञापालन हे धाकाने फेडायचे देणे उरत नाही, उपकार स्मरून जगण्याची ती रीत होते. आणि सुरुवात होते ती मुलाच्या स्वतःच्या आधारापासून. जगताना आणि मरताना तुझा भरवसा कशावर, असे त्याला एकेरीत विचारले जाते आणि उत्तरही ‘मी’ म्हणूनच द्यायचे असते.

प्रश्नोत्तरे आपल्याला नवी नाहीत. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलादांकडे येतात, गीतेत अर्जुन विचारतो आणि श्रीकृष्ण सांगतो. तिथे विचारणारा शिष्य असतो. हायडेलबर्गमध्ये गुरू विचारतो आणि मूल उत्तर देते. या उलट्या क्रमात एक मोठी गोष्ट दडली आहे. ज्याला प्रश्न विचारला जातो, त्याला उत्तर देण्याचा अधिकार आहे हे आधीच मान्य झालेले असते. मग तो शेतकऱ्याचा मुलगा असो की मोलकरणीची मुलगी.

या परंपरेचा एक प्रवाह आपल्या हैदराबाद संस्थानातही आला. वेस्टमिन्स्टरची १६४७ची, १०७ प्रश्नांची लघुप्रश्नोत्तरी मानणाऱ्या स्कॉटिश फ्री चर्चने १८५४ मध्ये नारायण शेषाद्री यांना पाळकपदाची दीक्षा दिली. मुंबईतल्या या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा १८४३चा. मिशनऱ्यांकडे राहिलेला त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून मुंबईत रण माजले. न्यायालयाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले आणि त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. त्या वादात मिशनरी बोलले, शास्त्री बोलले, न्यायाधीश बोलले. त्या पोराच्या मनाला काय वाटले असेल, हा प्रश्न आजही बोचतो.

पुढे नारायणराव निझामाच्या मुलखात जालन्याला गेले. सर सालारजंग दिवाण असताना मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल ही वसाहत उभी केली. तिच्यात राहायला आले ते प्रामुख्याने मांग समाजातले लोक. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्याशी देवाबद्दल बोलायला एक सुशिक्षित ब्राह्मण बसला. या धर्मांतरांबद्दल कोणाचे मत काहीही असो, या घटनेचे मोल कमी होत नाही.

ही वसाहत उभी राहण्याच्या आधी, १८५५ मध्ये, जोतीराव-सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला होता. मांग-महारांचा धर्म तरी कोणता, असे तिने थेट देवालाच विचारले होते. उत्तर पाठ करण्याची पायरी तिने एका झेपेत ओलांडली होती. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनीही ‘गुलामगिरी’ संवादातून मांडली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ प्रश्नोत्तरांतून. प्रश्नोत्तरांची ही रीत धर्मपीठाच्या हातून सुटून सामान्य माणसाच्या हातात आली, याहून तिचा मोठा गौरव कोणता?

उर्सिनुसच्या वाट्याला मात्र स्थैर्य आले नाही. १५७६ मध्ये फ्रेडरिक वारला, गादीवर आलेल्या मुलाने ल्यूथरपंथ आणला आणि उर्सिनुसला हायडेलबर्ग सोडावे लागले. नॉयश्टाटला शिकवत असतानाच १५८३ मध्ये त्याचा अंत झाला. पुस्तक टिकले, कारण ते एका राजाच्या मर्जीवर असण्यापेक्षा अनेकांच्या जिभेवर अधिक होते.

तोंडपाठ केलेले उत्तर वाईट नसते, संकटात तेच आठवते. पण मुलाने प्रतिप्रश्न केल्यावर आपण डोळे वटारले, तर पाठांतर निर्जीव होते. आज घराघरांत, देवळांत, मशिदींत, चर्चमध्ये आणि शाळांत आपण मुलांना पुष्कळ काही सांगतो, विचारतो फार थोडे. हैदराबादच्या मराठी घरांनी तरी हा क्रम बदलावा. ज्या श्रद्धेला मुलाच्या प्रश्नाची भीती वाटत नाही, तीच पुढच्या पिढीकडे जिवंत पोहोचते.