जमिनीच्या पत्रिकेत न आलेले जीव

देवपूर हा धुळे शहराचा पांझरेकाठचा भाग. शहराची वस्ती मागे पडली की कपाशी, मका व बाजरीची शेते लागतात. या शेतांसाठीही जमीन आरोग्य पत्रिकेची योजना आहे. केंद्र शासनाने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू केलेल्या या योजनेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब अशा १२ बाबी तपासल्या जातात. योजना उपयुक्तच आहे. परंतु त्या १२ बाबींत मातीतील एकाही प्राण्याची नोंद नाही, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पालापाचोळ्याचे खत आपोआप होत नाही. जिवाणू व बुरशी तो कुजवितात. जिवाणूंना आदिजीव व सूत्रकृमी खातात, सूत्रकृमींना मातीतील सूक्ष्म कोळी खातात आणि अशा लहान जीवांवर गोम व भुंगेरे जगतात. जिवाणू खाणाऱ्या प्राण्यांना त्यातील सर्व नत्र लागत नाही. उरलेले नत्र ते मातीत सोडतात व ते मुळांना मिळते. गांडुळांच्या बिळांतून पाणी व हवा खाली उतरते. पृथ्वीवरील सुमारे ५९ टक्के प्रजाती मातीच्या आश्रयाने राहतात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२३ साली मांडला.

या अन्नजाळ्याचा शिधा म्हणजे शेतातील काडीकचरा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशीचे मोठे नुकसान केले. पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नये, हा सल्ला म्हणूनच योग्य आहे. मात्र ती पेटवून दिली की अळीबरोबर मातीतील जीवांचा शिधाही जळतो. यंत्राने बारीक तुकडे करून तिचे कंपोस्ट केल्यास दोन्ही हेतू साधतात. त्यासाठी मजुरी व यंत्राचे भाडे लागते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच हा भार एकट्या शेतकऱ्यावर न टाकता गावाने व शासनाने मिळून उचलावा, असे आम्हांस वाटते.

परिसंस्थेला बुरशी, किडे व कृमींचीही गरज असते, याची आठवण दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात करून दिली होती. येत्या पावसाळ्यात, वाफसा असताना, शेतात फूटभर लांब, रुंद व खोल खड्डा खणून गांडुळे मोजावीत. दरवर्षी त्याच सुमारास मोजून आकडा वहीत लिहावा. पत्रिकेतील उणी राहिलेली तेरावी नोंद आपल्याच हाताने पूर्ण होईल.