घरी शिकवा, घरी बसवू नका

गेल्या ईदनंतरच्या एका लग्नात मला दोन बायका भेटल्या. पहिली आमच्या शेजारची चाची. जेवता जेवताच तिने विचारलं, "काढलंस म्हणे पोरीचं नाव शाळेतून? एवढी काय घाई होती?" घाई कसली, ते आपल्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुसरी शिकलेली, पनवेलला राहणारी. तिने माझा हात हातात घेतला. "बरं केलंस. होमस्कूलिंग. आता निदान माहौल तरी आपला राहील."

चाचीचं मला लागलं नाही. तिने आयुष्यभर जे पाहिलं तेच ती बोलली. दुसरीची शाबासकी मात्र अजून पचलेली नाही. हा लेख तिच्यासाठी आहे.

माझी मुलगी बारा वर्षांची. पाचवीनंतर आम्ही तिला घरी शिकवायला घेतलं. माहौलसाठी नाही. भरलेल्या वर्गात धडे उरकले जात होते आणि दिवसाला शंभर प्रश्न विचारणारी पोर गप्प झाली होती, म्हणून. मी डी.एड. केलेली, तिचे अब्बू दुकान सांभाळून गणित घेतात. ही सोय सगळ्यांकडे नसते, हे आधीच कबूल करते.

कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे त्याच्या दहाव्या कलमाने पालकाचं कर्तव्य ठरवलं आहे, पण न घातल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्याबद्दल कायदा गप्प आहे. पुढे दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे, नाहीतर चौदाव्या वर्षानंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा. रस्ता आहे. सर्वेक्षणाला आलेल्या गुरुजींच्या कागदावर मात्र "घरी शिकते" असा रकाना नव्हता, "शाळाबाह्य" होता. आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली कातकरी मुलगी आणि माझी मुलगी एकाच रकान्यात. मला राग आला. रात्री विचार केला तेव्हा वाटलं, गुरुजींचं काय चुकलं? बाहेरून बघणाऱ्याला फरक कळणार कशावरून?

सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवलं आहे की सहा ते चौदा वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधूनच गळाली. मदरशात शिकणारी मुलं चार टक्क्यांच्या आसपास. मग बाकीची कुठे होती? गॅरेजवर होती, भंगारात होती, आणि मुली चुलीपाशी होत्या. आता मला भीती वाटते ती याची, की त्याच चुलीला होमस्कूलिंग हे झकास नाव मिळेल. सातवीत नाव काढायचं, मोबाइलवर दोन व्हिडिओ लावून द्यायचे, दीनी तालीम म्हणून एक पुस्तक हातात द्यायचं आणि सोळाव्या वर्षी मुलगा बघायला सुरुवात. विचारलंच कुणी तर सांगायचं, ती घरी शिकते.

म्हणून मी प्रत्येक आईला एकच विचारते. तुझ्या मुलीला नावाने हाक मारणारी, तुमच्या नात्यात नसलेली, तुमच्या मोहल्ल्यात न राहणारी पाच मुलं सांग. सांगता येत नसतील, तर तू तिला शिकवत नाहीस, ठेवून घेतली आहेस.

अशी मुलं मिळवणं सोपं नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. कर्जत-खालापूरला मुलांच्या उपक्रमांची वाण नाही; वाण आहे ती कर्जत-खालापूरच्या मुलांसाठीच्या उपक्रमांची. शनिवार-रविवारी फार्महाऊसवर मुंबईची मुलं येतात, पैसे भरून भातलावणीचा अनुभव घेतात. आमच्या पोरांना चिखलाचं काय कौतुक? त्यांना बुद्धिबळ, तबला, नाटक शिकवायला कोणी येत नाही. एका मंडळात नाटकाची तालीम चालू होती. मी मुलीचं नाव सांगितल्यावर जागा भरल्याचं कळलं. पुढच्या आठवड्यात तिथे दोन नवी मुलं आली. तेव्हा दारं बाहेरूनही लागतात, हे मला शिकवायला नको.

शेवटी आम्हीच जमवलं. दर शनिवारी दुपारी एका निवृत्त बाईंच्या ओट्यावर सात मुलं बसतात. माझी दोन, वाडीवरची तीन ठाकर भावंडं, एक रिक्षावाल्याचा मुलगा, एक रेल्वेतल्या बाबूची मुलगी. माझी सोडली तर सगळी शाळेत जाणारी. खोपोलीला माझी बहीण राहते, तिच्याकडे गेलो की टाटांचं १९१५ पासूनचं वीजकेंद्र लांबून दाखवतो. घाटावरच्या तलावांचं पाणी पाइपांतून खाली येतं, वीज करतं आणि पाताळगंगेला जाऊन मिळतं. ऐन मे महिन्यात नदी वाहते ती का, हे तिथे उभं राहिल्यावर पोरांना एका मिनिटात कळलं. भूगोलाच्या पुस्तकातून मला ते एका आठवड्यात जमलं नसतं.

पण मला सांगायची आहे ती नेरळची गोष्ट. माथेरानची गाडी आम्ही धडा म्हणून घेतली. रुळांमधलं अंतर दोन फूट, चढ, वळणं, सगळं मोजलं. ही रेल्वे १९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली, हे मी जरा छाती फुगवूनच सांगितलं. माझी मुलगी खूश. एवढ्यात ठाकरांच्या धाकट्याने विचारलं, "आणि दगड कोणी फोडले?"

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या घरात हा प्रश्न निघालाच नसता. पनवेलच्या बाईंनी ज्या माहौलबद्दल मला शाबासकी दिली, त्यात तर नाहीच नाही.

पावसाळ्यात तो ओटा गळतो. आमच्या जमातीचा हॉल लग्नं सोडली तर वर्षभर कुलपात असतो. मी विचारलं. कमिटी द्यायला तयार झाली, दोन अटींवर: मुलं फक्त जमातीची हवीत, आणि दहा वर्षांवरच्या मुली वेगळ्या बसतील. म्हणजे सातातली माझी दोन उरली, आणि त्यांतली एक पडद्याआड. पाच वेळच्या नमाजाला माझा विरोध नाही, मीही पढते. पण वर्गणी देताना आमच्या मुलींची मोजदाद वेगळी झालेली मला आठवत नाही.

येत्या जुम्यानंतर कमिटीची बैठक आहे. तिथे बायकांना बोलावत नाहीत, माझं पत्र माझा भाऊ वाचून दाखवेल. मागणी एवढीच आहे: लग्न नसेल त्या शनिवारी दुपारी दोन ते पाच हॉल, सगळ्या मुलांना, एकत्र. झाडलोट आम्ही करू, विजेचे पैसे देऊ. नाही म्हणाले तर पावसाळ्यात बहिणीच्या गच्चीवरच्या पत्र्याखाली बसू, नेरळहून खोपोली लोकल धरून. तिकिटांचा हिशेब करून ठेवला आहे. तो चार मुलांचा आहे. ठाकरांच्या तिघांना दर शनिवारी तेवढ्या लांब पाठवणं त्यांच्या आईला जमणार नाही, असं तिने काल सांगितलं.