विलंबाचे मोल कोणी मोजायचे?

रेल्वे आणि प्रवासी यांच्यातील व्यवहार हा वस्तुतः एक करार आहे. प्रवाशाने भाडे आगाऊ भरायचे आणि रेल्वेने त्याला जाहीर वेळापत्रकानुसार इच्छित स्थळी पोहोचवायचे, असे त्याचे सरळ स्वरूप. या करारात प्रवासी चुकला तर काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. विनातिकीट सापडल्यास भाडे आणि वर किमान २५० रुपये भरावे लागतात; ऐन वेळी तिकीट रद्द केल्यास भरलेल्या रकमेवर पाणी सोडावे लागते. मात्र रेल्वे चुकली, गाडी चार-सहा तास उशिरा धावली, तर ध्वनिक्षेपकावरून दिलगिरीचे दोन शब्द ऐकू येतात आणि हिशेब तेथेच मिटतो. प्रवासीही ‘चालायचेच’ म्हणून सामान उचलतो. या ‘चालायचेच’ वृत्तीचा एकदा विचार व्हायला हवा.

रेल्वेच्या नियमांत प्रवाशासाठी काहीच तरतूद नाही, असे मात्र नव्हे. तिकीट रद्द करणे व भाडेपरतावा यांविषयीच्या २०१५च्या नियमांनुसार, प्रवासी जेथून गाडीत बसणार त्या स्थानकावर गाडीला ३ तासांहून अधिक उशीर झाला आणि त्याने प्रवास करायचा नाही असे ठरवले, तर त्याला संपूर्ण भाडे परत मिळते. खिडकीवर काढलेले तिकीट गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी स्थानकावर जमा करावे लागते. संगणकावरून काढलेल्या तिकिटासाठी ‘टीडीआर’ हा अर्ज, तोही गाडी सुटण्यापूर्वीच, संकेतस्थळावर भरावा लागतो. वातानुकूलन यंत्रणा बंद पडली, तर तेवढ्या अंतराच्या भाड्यातील फरक परत मागता येतो. हे हक्क आहेत. पण किती प्रवाशांना ते माहीत असतात? गाडी किती उशिरा येणार याची उद्घोषणा वारंवार होते. परताव्याचा हक्क मात्र क्वचितच कानावर पडतो. गाडी सुटली की अर्जाची मुदतही संपते आणि रक्कम रेल्वेच्या तिजोरीतच राहते.

याहून गंभीर उणीव पुढेच आहे. वरील परतावा प्रवास न करणाऱ्यासाठी आहे. ज्याला जाणे भागच आहे, त्याचे काय? मुलाखतीसाठी निघालेला विदर्भातील तरुण, मुंबईच्या रुग्णालयात ठरल्या वेळी पोहोचायचे असलेला रुग्ण, गणपतीला गावी निघालेला चाकरमानी यांना प्रवास टाळण्याची मुभा नसते. ते तासन्‌तास फलाटावर बसतात, उशिराच्या गाडीनेच जातात आणि नियमानुसार त्यांना एक छदामही मिळत नाही. ज्याची गरज सर्वाधिक, त्यालाच नियम वगळतो. ‘सुपरफास्ट’ गाडीचा जादा आकार भरणाऱ्यासही गाडी रखडल्यास तो आकार परत मिळण्याची सोय नाही. नियंत्रक व महालेखापालांनी २०१७ च्या अहवालात नेमके यावरच बोट ठेवले होते. उत्तर मध्य आणि दक्षिण मध्य रेल्वेवरील उशिरा धावलेल्या अशा गाड्यांच्या प्रवाशांकडून ११ कोटींहून अधिक रुपयांचा आकार वसूल झाल्याचे त्यांनी दाखवून दिले.

या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२१ मधील निकाल महत्त्वाचा ठरतो. जून २०१६ मध्ये अजमेर-जम्मू गाडी सुमारे ४ तास उशिरा पोहोचली आणि एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. वेळापत्रकाप्रमाणे गाडी पोहोचेलच याची हमी आम्ही देत नाही, असा रेल्वेचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. विलंबाचे कारण आपल्या आवाक्याबाहेरचे होते हे रेल्वेने पुराव्यानिशी सिद्ध करावे, अन्यथा भरपाई द्यावी, असे न्यायालयाने स्पष्ट केले. टॅक्सीखर्चापोटी १५ हजार, आरक्षणापोटी १० हजार, मनस्ताप आणि दाव्याचा खर्च यांपोटी प्रत्येकी ५ हजार रुपये देण्याचा ग्राहक मंचाचा आदेश कायम झाला. परंतु एवढ्या रकमेसाठी जिल्हा मंचापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत चार पायऱ्या आणि पाच वर्षे लागली, ही बाबही दुर्लक्षून चालणार नाही. न्याय मिळाला खरा, पण तो किती जणांना परवडेल?

जगात इतरत्र काय चालते? युरोपीय संघाच्या नियमांनुसार १ तासाच्या विलंबाला भाड्याच्या किमान २५ टक्के आणि २ तासांच्या विलंबाला ५० टक्के भरपाई द्यावी लागते. जपानमध्ये जलद गाडी २ तास किंवा अधिक उशिरा पोहोचल्यास जलद प्रवासाचा आकार परत केला जातो. आपल्याकडेही असा प्रयोग झाला आहे. आयआरसीटीसीने २०१९ पासून चालवलेल्या तेजस गाड्यांत १ तासाहून अधिक उशिराला १०० आणि २ तासांहून अधिक उशिराला २५० रुपये दिले जात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही योजना गुंडाळण्यात आली. जो पायंडा सर्व गाड्यांना लागू व्हायचा, तो मुळातूनच पुसला गेला.

उत्तरेतील धुके, घाटातील दरडी, अतिवृष्टी ही संकटे रेल्वेने ओढवून घेतलेली नाहीत, हे मान्यच आहे. भर पावसात रुळांची राखण करणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयी आदरच बाळगला पाहिजे. अशा प्रसंगांना भरपाईतून वगळता येईल. भाडे खर्चापेक्षा कमी आहे, हा आक्षेपही घेतला जाईल. पण भरपाई भाड्याच्या प्रमाणात ठेवली, तर स्वल्प भाड्याची भरपाईही स्वल्पच राहील. मुद्दा रकमेचा नाही, उत्तरदायित्वाचा आहे. विलंबाला किंमत नसेल, तर तो टाळण्याची निकडही राहत नाही. कोणती गाडी कोठे किती उशिरा पोहोचली, याची नोंद रेल्वेकडेच असते. गाडी रद्द झाली तर संगणकीय तिकिटाचे पैसे अर्जाविना खात्यात जमा होतात. मग विलंबाची भरपाई तशीच का जमा होऊ नये? प्रवाशाला पुरावे गोळा करायला लावण्याचे कारणच उरत नाही. त्यासाठी नियमांत स्पष्ट दुरुस्ती व्हायला हवी.

तोवर प्रवाशांनीही स्वस्थ बसू नये. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. संघटित ग्राहकांच्या रेट्याखेरीज तो आला नसता. २०१९ च्या नव्या कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्यातच, घटनेपासून २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्कही नाही. तिकीट जपून ठेवावे, विलंबाची नोंद घ्यावी, झालेल्या खर्चाच्या पावत्या सांभाळाव्यात आणि हक्काचे ते मागावे. हे मागणे म्हणजे याचना नव्हे आणि रेल्वेशी वैरही नव्हे. रेल्वे राष्ट्राची आहे, म्हणूनच ती वेळेवर धावावी असा आग्रह धरणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरते. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली पहिली गाडी परक्या सत्तेची होती. आजची रेल्वे आपली आहे. आपल्या रेल्वेने आपल्याच माणसांच्या वेळेचे मोल मानावे, एवढीच अपेक्षा आहे.